नौपाड्यातील संभाषणकलेचा वर्ग : फी वसूल होते का?

ठाण्यात नौपाडा, राम मारुती रोड आणि घंटाळी या पट्ट्यात वक्तृत्व, सूत्रसंचालन, संभाषणकला, व्यक्तिमत्त्व विकास अशा नावांचे इतके वर्ग आहेत की नुसत्या फलकांवरून एकाला दुसऱ्यापासून वेगळे काढणे अवघड जाते. त्यांपैकी एका वर्गाचे हे परीक्षण आहे. वर्ग आठ रविवारांचा असून वेळ सकाळी १० ते १२.३० आहे, फी ६,५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, तुकडी जास्तीत जास्त १६ जणांची, माध्यम मराठी. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे दोषही लिहायचे आहेत आणि शिवाय येथे जे लिहिले आहे त्याचा उपयोग या भागातील कोणताही वर्ग निवडताना व्हावा अशी इच्छा आहे. माझे मत आधीच सांगून ठेवते : आठांपैकी पाच रविवारी जे शिकवले जाते ते फीच्या मानाने स्वस्तच म्हणावे लागेल, दोन रविवार नसते तरी चालले असते, एक समारोपाचा आहे, आणि ज्यांना रोज गोंगाटात बोलावे लागते त्यांच्या गरजेकडे वर्गाने जवळजवळ पाहिलेलेच नाही.

मी रबाळे एमआयडीसीतील एका रासायनिक कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. पाळी सुरू होताना दहा मिनिटांचा ‘टूलबॉक्स टॉक’ घेणे, म्हणजे कामगारांना कामाच्या जागीच उभ्याउभ्या त्या दिवसाच्या कामातील धोके सांगणे, हा माझ्या नोकरीचा भाग आहे. ऐकणारे पहाटे उठून, डबा घेऊन, लोकलमध्ये उभे राहून आलेले असतात. त्यांतील निम्मे मराठी बोलणारे, बाकीचे उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातून आलेले. हे सगळे आपण आधी ऐकलेले आहे, असा भाव बहुतेकांच्या चेहऱ्यावर असतो, आणि खरे सांगायचे तर त्यांनी ते ऐकलेलेही असते. शेवटी हजेरीच्या कागदावर सर्वांच्या सह्या होतात, परंतु सही झाली म्हणजे बोलणे पोहोचले असे कोणताही सुरक्षा अधिकारी छातीठोकपणे सांगणार नाही. त्यामुळे मला व्यासपीठावरचे भाषण शिकायचे नव्हते. समोरच्याला ऐकावेसे वाटेल असे दहा मिनिटे बोलता यावे, एवढीच अपेक्षा होती, आणि हे परीक्षण त्याच अपेक्षेच्या मापाने लिहिले आहे.

जागेबद्दल थोडक्यात. ठाणे स्थानकाच्या पश्चिमेकडून चालत गेल्यास पंधरा मिनिटे लागतात. गोखले रोडच्या आतल्या एका गल्लीत, जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मोठी खोली आहे. नवी मुंबईतून येणाऱ्यांनी रविवारचा मेगाब्लॉक पाहूनच घराबाहेर पडावे, कारण ट्रान्स-हार्बर मार्गावर ब्लॉक असला की ऐरोली पुलाच्या बाजूने रस्त्याने येण्यात सकाळचा सगळा हिशेब चुकतो. वर्ग ठरल्या वेळेला सुरू होतो. उशिरा येणाऱ्याला आत घेतात, मात्र त्याची बोलण्याची पाळी सर्वांत शेवटी लावतात. हा नियम मला फार आवडला. खुर्च्या अर्धवर्तुळात मांडलेल्या असतात, पोडियम ठेवलेले नाही, आणि त्यामुळे कागदाआड लपण्याची सोय कोणालाही मिळत नाही. मध्यंतरातला चहा बरा असतो.

शिकवणारे दोघे आहेत. मुख्य प्रशिक्षिका अनेक वर्षे आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदिका होत्या. दुसरे प्रशिक्षक तरुण असून ते कंपन्यांमधील प्रशिक्षणाच्या क्षेत्रातून आलेले आहेत. वर्गाचे गुण आणि दोष बऱ्याच अंशी या दोघांमध्ये वाटले गेलेले आहेत, हे पुढे दिसेलच.

सर्वांत मोलाची गोष्ट पहिल्याच रविवारी हाती लागते. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि नकार बहुधा त्याच्याही मागून येतो. ‘करा’ की ‘करू नका’, ‘झाले आहे’ की ‘झालेले नाही’, ‘ठरले’ की ‘ठरवायचे आहे’, हे सगळे ऐकणाऱ्याला वाक्य संपता संपता कळते. बोलणाऱ्याचा श्वास मात्र नेमका तिथेच संपत आलेला असतो. वाक्य जोरात सुरू होते, मधल्या तपशिलात हवा खर्च होते, आणि ज्या शब्दावर सगळा निकाल अवलंबून आहे तो पुटपुटल्यासारखा बाहेर पडतो. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येऊन जातो, त्यामुळे इंग्रजी पुस्तकांवरून बेतलेल्या वक्तृत्वाच्या धड्यांत या अडचणीचा उल्लेखसुद्धा नसतो. मॅडम मात्र पहिला पूर्ण रविवार या एकाच गोष्टीवर खर्च करतात.

त्यासाठीचा सराव असा आहे. एसी बंद करून रस्त्याकडच्या खिडक्या उघडतात आणि पंखे पूर्ण वेगात सोडतात. एकाच्या हातात एका वाक्याची चिठ्ठी देऊन त्याला खोलीच्या एका टोकाला, भिंतीकडे तोंड करून उभे करतात. बाकीचे दुसऱ्या टोकाला वही घेऊन बसतात. वाक्य एकदाच, नेहमीच्या आवाजात वाचायचे आणि ऐकणाऱ्यांनी फक्त त्याचा शेवटचा शब्द लिहायचा. आमच्या तुकडीत ‘तिसऱ्या मजल्यावरच्या टाकीचा व्हॉल्व्ह मी सांगेपर्यंत उघडायचा नाही’ हे वाक्य एका सहकारी बँकेतील अधिकाऱ्यांच्या वाट्याला आले. वह्या गोळा केल्या तेव्हा निम्म्याहून अधिक वह्यांत ‘उघडायचा’ असे लिहिलेले होते. गृहस्थांना आपण ‘नाही’ म्हटल्याची पूर्ण खात्री होती आणि त्यांनी ते म्हटलेलेही होते. ते फक्त त्यांच्या कॉलरच्या पुढे गेले नव्हते. खोलीत हशा पिकला, पण मी हसू शकले नाही, कारण आमच्या कारखान्यात असे वाक्य दिवसातून कितीतरी वेळा बोलले जाते.

यावरचे उपाय साधे आहेत आणि तेवढ्याच चिकाटीने करून घेतले जातात. श्वास खांदे उचलून न घेता पोट पुढे येईल असा घ्यायचा, म्हणजे श्वासपटल खाली सरकते आणि हवा पुरवून वापरता येते. वाचायचा मजकूर असेल तर ज्या ठिकाणी श्वास घ्यायचा तेथे पेन्सिलीने उभी रेघ मारायची. निवेदकांच्या कागदांवर अशा रेघा असतात, हे मॅडमनी आपले जुने कागद आणून दाखवले आणि त्या पिवळ्या पडलेल्या पानांवर रेघांशिवाय जागाच उरलेली नव्हती. एका श्वासात न मावणारे वाक्य तोडायचे. (हा नियम मी या परीक्षणात पाळत नाही, कारण वाचणाऱ्याला मागे जाऊन पुन्हा वाचता येते, ऐकणाऱ्याला ती सोय नसते.) आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जिथे चूक परवडणार नाही तिथे वाक्याची बांधणीच बदलायची. ‘उघडायचा नाही’ याऐवजी ‘बंद ठेवायचा’ असे म्हटले, तर शेवटचा शब्द कोणी गिळला तरी अर्थ उलटा होत नाही. त्याच बँक अधिकाऱ्यांनी पुन्हा वाचले ते असे : ‘व्हॉल्व्ह बंदच ठेवायचा. तिसऱ्या मजल्यावरचा. मी सांगेपर्यंत बंद.’ या वेळी एकही वही चुकली नाही, आणि त्यांचा आवाज आधीपेक्षा मोठाही नव्हता.

हा एक सराव मी जसाच्या तसा कारखान्यात नेला. आमच्या कामाच्या सूचनापत्रकात ‘करू नये’ने संपणारी वाक्ये ओळीने होती; ती वाचून दाखवताना आता मी ‘हात लांब’, ‘झाकण बंद’, ‘परमिट (धोक्याच्या कामाची लेखी परवानगी) आधी, काम नंतर’ अशी तोडून सांगते. आकड्यांच्या बाबतीतही असेच केले. एकोणसाठ आणि एकोणसत्तर हे आकडे कॉम्प्रेसरच्या आवाजात सारखेच ऐकू येतात, म्हणून टाकीचे तापमान सांगताना ‘पाच नऊ’, ‘सहा नऊ’ असे सुटे अंक बोलायचे. वॉकीटॉकीवर बोलणारे आमचे ऑपरेटर हे पूर्वीपासून करत होते. समोरासमोर बोलतानाही ते करावे असे मात्र कोणाला सुचले नव्हते.

दुसऱ्या रविवारी प्रत्येकाचे दोन मिनिटांचे बोलणे मोबाइलवर मुद्रित करून सर्वांसमोर ऐकवतात. पहिली प्रतिक्रिया जवळजवळ सर्वांची एकच असते : हा माझा आवाज नव्हे. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, आणि हाडांतून येणारा भाग खालच्या पट्टीला उठाव देतो. मुद्रणात तो भाग नसल्याने आवाज पातळ वाटतो. जगाला मात्र तोच पातळ आवाज ऐकू येत असतो. हे कारण कळल्यावर पुष्कळांचा संकोच कमी होतो, हे मी त्या खोलीत पाहिले.

मुद्रण ऐकताना दुसरी गोष्ट उघडी पडते ती म्हणजे पालुपदे : ‘म्हणजे’, ‘काय आहे ना’, ‘तर’, ‘ॲक्च्युअली’, ‘बेसिकली’, ‘असं आहे की’. पुष्कळ वर्गांत ही पालुपदे मोजतात आणि बोलणाऱ्याला आकडा सांगतात. मॅडम मोजत नाहीत. आकडा कळला की माणूस बोलण्याऐवजी मोजण्यातच अडकतो, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मला पटले. त्यांचा उपाय शारीरिक आहे : शब्द सुचत नसेल तेव्हा ओठ मिटायचे. ओठ मिटलेले असताना ‘म्हणजे’ म्हणता येत नाही. बोलणाऱ्याला ती एक-दीड सेकंदाची शांतता असह्य वाटते, तर ऐकणाऱ्याला हा माणूस विचार करतो आहे असे वाटते. हा सराव करताना एका महाविद्यालयीन मुलाने इतक्या वेळा ओठ मिटले की त्याचे दोन मिनिटांचे बोलणे चार मिनिटे चालले. तरीही त्या दिवशी सर्वांत लक्षपूर्वक ऐकले गेले ते त्याचेच.

बोलण्याच्या वेगाबद्दल दोघा प्रशिक्षकांत मतभेद आहे आणि तो त्यांनी आमच्यापासून लपवला नाही. तरुण प्रशिक्षकांच्या स्लाइडवर मिनिटाला १२० ते १५० शब्द असा वेग दिलेला होता. हा आकडा इंग्रजीचा आहे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात, ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा मोजायला एकच शब्द असतो, आणि त्यामुळे इंग्रजी आकड्याने मराठी बोलण्याचा वेग ठरवला तर माणूस धापा टाकू लागेल. मॅडमनी शब्द मोजणे सोडून वाक्यांमधल्या थांब्यांकडे लक्ष द्यायला सांगितले. या वादात मी पूर्णपणे मॅडमच्या बाजूची आहे.

तिसरा आणि चौथा रविवार बोलण्याच्या क्रमावर आहे. जोड्या पाडतात, एकाने दोन मिनिटे बोलायचे, दुसऱ्याने काहीही न लिहिता ऐकायचे आणि मग जे कळले ते तीन वाक्यांत परत सांगायचे. जे परत आले नाही त्याची जबाबदारी बोलणाऱ्याची, ऐकणाऱ्याची नव्हे, हा या खेळाचा एकमेव नियम आहे. माझ्या जोडीला पोखरण रोडवरील एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिव होत्या. सहकारी गृहनिर्माण संस्थांना वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, आणि म्हणून पावसाळ्याच्या तुकडीत सोसायट्यांचे सचिव आणि खजिनदार हमखास असतात, असे मॅडमनी गमतीने सांगितले. या बाईंनी सभेत करायचे निवेदनच सरावासाठी आणले होते. सुरुवात अशी : ‘आदरणीय सभासदहो, आपणा सर्वांना माहीतच आहे की गेल्या काही महिन्यांपासून आपल्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीसंदर्भात निरनिराळ्या स्तरांवर चर्चा सुरू असून समितीने वेळोवेळी पाठपुरावा केलेला आहे...’ दोन मिनिटे संपली तेव्हा मला प्रामाणिकपणे एवढेच परत सांगता आले की, पाण्याच्या टाकीबद्दल काहीतरी अडचण आहे आणि समितीने पुष्कळ कष्ट घेतलेले आहेत.

मॅडमनी त्यांना एकच प्रश्न विचारला : सभासदांनी घरी जाऊन घरच्यांना काय सांगावे अशी तुमची इच्छा आहे? बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, ‘प्रत्येक फ्लॅटमागे चार हजार भरायचे आहेत, आणि ते भरायचे की नाही हे आजच ठरवायचे आहे.’ मग निवेदन तिथूनच सुरू झाले. आधी रक्कम, लगेच निर्णयाची मागणी, त्यानंतर टाकीला गेलेल्या तड्याची हकीकत, आणि समितीच्या पाठपुराव्याचे कौतुक पूर्णपणे गळाले. दुसऱ्या वेळी मी तिन्ही गोष्टी न चुकता परत सांगितल्या. आपल्याकडे आधी पार्श्वभूमी, मग अडचण, मग समितीचे श्रम आणि शेवटी मागणी असा क्रम शिष्टसंमत मानला जातो. थेट मागणीने सुरुवात करणे उद्धटपणाचे वाटते. त्या सचिवबाईंनाही तशीच शंका आली होती. तिचे निरसन करताना मॅडम म्हणाल्या की नम्रता आवाजात ठेवा, क्रमात ठेवू नका. संपूर्ण वर्गात मला सर्वाधिक उपयोगी पडलेले वाक्य हेच.

पाचवा रविवार मायक्रोफोनसाठी आहे आणि तो जमून आला आहे. मायक्रोफोनवर फुंकर मारणे आणि बोटाने टकटक करणे बंद. चाचणी घ्यायची ती आपल्या पहिल्याच वाक्याने. मायक्रोफोन तोंडापासून साधारण मूठभर अंतरावर, किंचित तिरका धरायचा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ यांच्या हवेचा झोत थेट जाळीवर आपटत नाही. जाळीवर मूठ आवळून धरण्याची गायकांची लकब टाळायची, कारण त्यामुळे मायक्रोफोनचे एका दिशेने ऐकण्याचे वैशिष्ट्य बिघडते आणि शिट्टी वाजू लागते. लग्नाच्या हॉलमध्ये आणि गणेशोत्सवाच्या मांडवात ही शिट्टी वाजली की सगळे ध्वनियंत्रणेच्या माणसाकडे रागाने पाहतात. त्यातला निम्मा दोष मायक्रोफोन धरणाऱ्याचा असतो, हे मला येथे कळले.

आता उणिवा. सहावा आणि सातवा रविवार तरुण प्रशिक्षकांचा आहे आणि विषय देहबोली. पहिल्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले होते की संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो. हे आकडे व्यक्तिमत्त्व विकासाच्या बहुतेक वर्गांत भिंतीवर लावलेले असतात, म्हणून त्यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. मूळ प्रयोग १९६७ साली प्रसिद्ध झालेले, अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहरेबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आहेत. त्यांत भाषण नव्हते, संभाषणही नव्हते. निरनिराळ्या स्वरांत उच्चारलेले सुटे शब्द ऐकवून, आणि दुसऱ्या प्रयोगात त्यांच्या जोडीला चेहऱ्याची छायाचित्रे दाखवून, बोलणाऱ्याच्या मनात आवड आहे की नावड, एवढेच ओळखायला सांगितले होते. दोन प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून ही टक्केवारी निघाली, आणि भावना किंवा आवडनावड व्यक्त करणाऱ्या बोलण्यापलीकडे ती लागू करता येत नाही, हे खुद्द मेहरेबियन यांनीच पुढे स्पष्ट केले आहे. शब्दांचा वाटा खरोखरच ७ टक्के असता, तर ओडिशाहून कालच आलेल्या कामगाराला मी मराठीत सांगितलेली परमिटची पद्धत केवळ माझ्या हातवाऱ्यांवरून ९३ टक्के समजली असती आणि मला या वर्गाला येण्याचे कारणच उरले नसते.

मी हे मध्यंतरात प्रशिक्षकांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवे; परंतु पुढच्या रविवारी स्लाइड जशीच्या तशी होती. बाकीचा वेळ हात कोठे ठेवावेत, पाय किती अंतरावर असावेत, नजर खोलीभर इंग्रजी झेड अक्षरासारखी कशी फिरवावी, यांत गेला. याचा परिणाम असा झाला की, आधीच्या पाच रविवारांत मोकळी झालेली माणसे पुन्हा अवघडली. त्या महाविद्यालयीन मुलाची नजर झेडच्या वळणाने फिरू लागली आणि त्याच्या बोलण्यातला जीव गेला. देहबोलीचे शिक्षण निरुपयोगी असते असे मला म्हणायचे नाही. बोलताना खिशातली नाणी खुळखुळवू नयेत, समोरच्या चार-पाच जणांकडे तरी खरोखर पाहावे, हे सांगायला हवेच. पण त्याला अर्धा तास पुरे होतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. हा वर्ग शांत खोलीत, एकभाषी श्रोत्यांसमोर बोलण्याचा आहे. पहिल्या दिवशी खिडक्या उघडतात तेवढाच गोंगाटाशी संबंध येतो. आपल्याकडील कारखाना नियमांत आठ तासांच्या कामासाठी आवाजाची मर्यादा ९० डेसिबल आहे, आणि तिच्या जवळपास पोहोचलेल्या विभागात बोलणे ही निराळी विद्या आहे. भोवतालचा आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो, ही गोष्ट फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये नोंदवली आणि तिला त्यांचेच नाव मिळाले. आवाज चढवल्याने स्वर मोठे होतात, परंतु शब्द ओळखायला लागणारी व्यंजने, विशेषतः ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी, तेवढी वाढत नाहीत. म्हणून ओरडणाऱ्याचे ओरडणे ऐकू येते आणि शब्द कळत नाहीत. इअरप्लग घातलेल्या माणसाचे याच्या उलट होते. कान बंद असल्याने त्याला स्वतःचा आवाज हाडांतून मोठा ऐकू येतो आणि तो भर गोंगाटात हळू बोलू लागतो. आमच्या कारखान्यात हे रोज घडते, आणि साकीनाका, वागळे इस्टेट, महापे, तुर्भे येथील कोणत्याही कारखान्यात ते घडत असणार.

मॅडमना याबद्दल विचारले तेव्हा त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या : आवाज चढवण्याआधी अंतर कमी करा, आणि ज्याला सांगायचे त्याच्याकडून सांगितलेले परत वदवून घ्या. दोन्ही सल्ले अचूक आहेत. मी बोलण्याची जागाच कॉम्प्रेसरपासून दूर, भांडारामागच्या मोकळ्या जागेत नेली आणि वीस जणांच्या घोळक्याऐवजी सात-आठ जणांचे गट केले. वदवून घेण्याची पद्धतही चालू केली, आणि तिच्यामुळे एक अनपेक्षित गोष्ट झाली. परत सांगताना एका वेल्डरने माझे वाक्य दुरुस्त केले. ज्या शिडीचा मी उल्लेख केला ती तेथून आदल्या आठवड्यातच हलवलेली होती. त्याने मध्येच बोलून मला थांबवले, याचा अर्थ तो ऐकत होता. परंतु हे सल्ले चहाच्या कपाबरोबर मिळाले, अभ्यासक्रमात मिळाले नाहीत. जे विचारणार नाहीत त्यांना ते मिळणारही नाहीत. मराठी न समजणाऱ्या श्रोत्यांपुढे काय करावे, हिंदी आणि मराठी एकाच दमात मिसळावी की आधी एक आणि मग दुसरी बोलावी, यावर तर वर्गात काहीच नाही. ठाणे आणि नवी मुंबईत शिकवणाऱ्यांनी हा विषय टाळणे योग्य नव्हे.

तुलना करायचीच झाली तर सभासदांना भाषणाचा सराव देणाऱ्या टोस्टमास्टर्स या क्लबांशी करावी लागेल. राल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता ॲना येथे सुरू केलेल्या या उपक्रमाचे क्लब ठाण्यातही आहेत आणि नवी मुंबईतही. तयारीचे भाषण पाच ते सात मिनिटांचे, आयत्या वेळचे एक ते दोन मिनिटांचे, वेळ दाखवायला हिरवा, पिवळा आणि लाल रंग, आणि प्रत्येक भाषणानंतर नेमून दिलेल्या सभासदाने केलेले मूल्यमापन, अशी तेथील शिस्त आहे. पाहुणा म्हणून एखादी सभा पाहता येते. ज्यांना बोलायची भीती उरलेली नाही आणि नियमित सराव हवा आहे त्यांना हा मार्ग अधिक सोयीचा पडेल. तेथील बहुतेक सभा इंग्रजीत होतात, आणि वाक्याच्या शेवटी येणारा आपला नकार त्या हिरव्या-लाल दिव्यांत कोणाच्या लक्षात येण्याचा संभव कमी. नौपाड्यातील वर्गाचे खरे बळ तो मराठीला मराठीच्या अंगाने शिकवतो यात आहे.

मॅडम आणखी एक काम लावतात, ज्याला पैसे पडत नाहीत. एखादे व्याख्यान प्रत्यक्ष जाऊन ऐकायचे आणि वक्ता काय बोलला यापेक्षा श्रोते कधी चुळबुळले, कधी स्थिर झाले, याची नोंद करायची. ठाण्यात यासाठी लांब जावे लागत नाही. जानेवारीत नौपाड्यातच रामभाऊ म्हाळगी स्मृती व्याख्यानमाला भरते, आणि वर्षभर कुठल्या ना कुठल्या सभागृहात काही चालू असतेच. १८९३ साली स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या या शहरात ऐकणाऱ्यांची परंपरा बोलणाऱ्यांइतकीच जुनी असावी. प्राचार्य शिवाजीराव भोसले यांना प्रत्यक्ष ऐकलेले लोक अजून ठाण्यात भेटतात. ते त्यांच्या शब्दसंपत्तीइतकेच त्यांच्या थांबण्याबद्दल बोलतात. मी ऐकलेल्या व्याख्यानात चुळबुळ सर्वाधिक झाली ती वक्त्याने ‘शेवटी एकच सांगतो’ असे म्हटल्यानंतर, कारण त्यानंतर ते आणखी पंचवीस मिनिटे बोलले.

आठव्या, समारोपाच्या रविवारी प्रत्येकाने पाच मिनिटे बोलायचे असते आणि घरच्यांना बोलावता येते. प्रमाणपत्र मिळते. छायाचित्रे काढतात. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे नाही.

प्रवेश घेण्याआधी काही व्यावहारिक गोष्टी विचारून घ्याव्यात. फी दोन हप्त्यांत घेतात, पण ते स्वतःहून सांगत नाहीत. चुकलेला रविवार पुढच्या तुकडीत भरून काढता येतो, मात्र जागा असेल तरच. सभेत बोलावे लागणारे, शिक्षक, सोसायटीचे पदाधिकारी, बँकेत किंवा दुकानात ग्राहकांशी बोलणारे, यांनी अवश्य जावे. स्पर्धेसाठी भाषण बसवून हवे असलेल्या विद्यार्थ्यांनी आणि मुलाखतीची इंग्रजी सुधारू इच्छिणाऱ्यांनी दुसरीकडे पाहावे. आणि या वर्गात किंवा दुसऱ्या कोणत्याही वर्गात, तुकडी किती जणांची आहे हे पैसे भरण्यापूर्वी विचारावे. अडीच तास म्हणजे १५० मिनिटे. १६ जणांत ती वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण नऊ मिनिटे येतात, आणि शिकवण्याचा वेळ वजा केला की प्रत्यक्ष बोलायला चार-पाच मिनिटे उरतात. तेवढ्यात काम भागते, हे मी अनुभवले आहे. मागणी वाढल्यामुळे तुकडी ३० जणांची करण्याचा विचार चालू आहे, असे शेवटच्या दिवशी कानावर आले. तसे झाल्यास हे परीक्षण रद्द समजावे.